अंगणातली ओल

मे संपत आला आणि शेजारच्या घरापुढं ब्लॉकचा टेम्पो लागला. राखाडी आणि तांबडे पेव्हिंग ब्लॉक गेटाशी रचले गेले, खडीचा आणि कचेचा ढीग पडला, दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं दोरी धरली. संध्याकाळी शेजारची धाकटी सून कुंपणाशी आली. "काकी, तुमचंबी याच्याबरोबरच उरकून घ्या की. माणसं हायत तवर दर कमी लावतो म्हणालाय. किती दिवस चिखल तुडवायचा?" मी "बघू" म्हणाले. तिनं आमच्या अंगणावरून एक नजर फिरवली. शेवग्याच्या बुडात साठलेला पाला, आळ्यांवर अंथरलेलं उसाचं पाचट, कोपऱ्यातला खताचा ढीग, सगळं बघितलं आणि काही न बोलता आत गेली. त्या नजरेत तुसडेपणा नव्हता, माझ्याबद्दलची काळजीच होती. म्हणूनच ती डोक्यातून जाईना.

आमचं घर कोल्हापुरात, रमणमळ्याकडच्या बाजूला. अंगण म्हणजे काही वाडी नव्हे, अर्धा गुंठाही भरणार नाही. एक नारळ, एक शेवगा, कढीपत्ता, दोन जास्वंदी, तुळस, पूर्वेच्या भिंतीलगत भाजीचे वाफे आणि गेटापासून पायरीपर्यंत शेवंतीच्या कुंड्या. एवढ्याशा जागेत बारा महिने काय करत असता, असं पाहुणे विचारतात. उत्तर देताना मी नेहमी अडखळते, कारण मोठं असं काही करत नाहीच. खुरपं घेऊन बसायचं, इथली माती तिथं सारायची, कुठं पाणी तुंबलंय का बघायचं, कुठं आटलंय का बघायचं. त्या रात्री पडल्या पडल्या हे सगळं डोळ्यांपुढून जात होतं आणि लक्षात आलं, की आपण वर्षभर जे करतो ते सगळं पाण्याचंच आहे.

लग्न होऊन आले तेव्हा या अंगणावर आत्यांचं राज्य होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्याच म्हणायची पद्धत. त्यांनी मला बसवून काही शिकवलं नाही. पण पाण्याची बादली हातात घेतली की हटकून विचारायच्या, "बोट घातलंस का?" मातीत बोट दोन पेरं आत घालायचं. बोटाला ओल लागली तर बादली खाली ठेवायची. वरची माती वाळून पांढरी दिसते, माणसाला कळवळा येतो आणि तो पाणी ओततो. मुळं मात्र खाली आधीच ओलीत बसलेली असतात. कुंडीतली बहुतेक झाडं तहानेनं मरत नाहीत, पाण्यानं मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि मातीतली बारीक भोकं कायमची पाण्यानं भरली की मुळं कुजायला लागतात. वरून पानं मलूल दिसतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, की आणखी एक तांब्या. या एका गैरसमजापायी किती कुंड्या रिकाम्या होत असतील! आजही नवीन लग्न झालेल्या भाच्या-पुतण्या बागेबद्दल विचारतात तेव्हा मी खताबद्दल बोलतच नाही, आधी बोट घालायला सांगते.

कोल्हापूरच्या अंगणाला चार महिने पाणी जास्त होतं आणि आठ महिने कमी पडतं.

पश्चिमेला गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस शहरात येईपर्यंत हजार-अकराशेवर येतो. तोही बहुतेक पडतो जून ते सप्टेंबर, आणि त्यातही आर्द्रा-पुनर्वसू-पुष्यात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आमच्याकडची माती काळी, भिजली की फुगते, चिकटते, पाणी धरून बसते. उन्हाळ्यात तीच आक्रसून हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत बाग करायची तर तिच्या पोटात काहीतरी घालत राहावं लागतं. शेणखत, पालापाचोळा, जे सापडेल ते. सेंद्रिय भर पडली की हीच माती मोकळी होते, जास्तीचं पाणी सोडते आणि लागेल तेवढं धरते. गंगावेशीत सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून दूध मिळतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण त्या दुधाबरोबर शेणाचंही बघावं. ओळखीच्या गवळ्याकडून आम्ही दर दिवाळीनंतर दोन-तीन पोती शेण आणतो आणि कोपऱ्यात पाल्याच्या थरांत मुरायला टाकतो. पावसाळ्याच्या तोंडाला ते काळं, भुसभुशीत झालेलं असतं. मूठभर हातात घेतलं तर शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. तसा आला तरच ते खत वाफ्यात जातं.

कच्च्या शेणाचा धोका उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना नीट माहीत आहे, पण शहरातल्या बागेत त्याकडं लक्ष जात नाही. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. रोहिणीत पहिला जोरदार वळीव होतो, ढगांचा गडगडाट थांबतो, तापलेल्या मातीचा वास घरभर पसरतो आणि दिवेलागणीला तांबूस-तपकिरी भुंगेरे जमिनीतून वर येतात. कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसून पानं खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि माद्या परत मातीत शिरून अंडी घालतात. न कुजलेलं शेण दिसलं की तिथं तर घालतातच. जुलै-ऑगस्टमध्ये एखादं तरारलेलं रोप भर पावसात सुकतं, धरून ओढलं तर अलगद हातात येतं, खाली मुळं नाहीत; आणि खड्ड्यात इंग्रजी सी अक्षराच्या आकारात वळलेली पांढरी, जाडजूड, तांबड्या डोक्याची अळी. तेव्हा औषध शोधून फार काही हाती लागत नाही. वेळ असते ती वळिवाच्या संध्याकाळची. आमच्या गल्लीच्या तोंडाला कडुलिंब आहे. वळीव झाला की मी आणि पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर बॅटरी घेऊन जातो, फांदी हलवतो, खाली अंथरलेल्या चादरीवर भुंगेरे टपाटपा पडतात, ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत. येणारे-जाणारे थांबून बघतात. कुणी विचारलं तर मास्तर अगदी तपशिलानं समजावून सांगतात.

वळीव झाला म्हणजे पेरायचं नसतं, हेही आत्यांचंच. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, पण मृग लागला म्हणूनही पेरायचं नसतं. शेतकऱ्याला सांगतात, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नका. अंगणातला हिशेब सोपा आहे, खुरप्यानं उकरून बघायचं, वीतभर खोल ओल गेली की बी टोकायचं. वरचं चार बोटं भिजून खाली कोरडं असलं तर बी उगवतं खरं, पण मूळ खाली जातं आणि तिथं त्याला काही मिळत नाही. दोडका, कारलं, काकडी, भोपळा, घेवडा, भेंडी ही सगळी मृगातली. वेलवर्गीयांचं बी जाड कवचाचं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की लवकर उगवतं. लावायचं मात्र सपाट जमिनीत नाही. वीतभर उंचीचा गादीवाफा करायचा आणि दोन वाफ्यांच्या मध्ये पाण्याला वाट ठेवायची. हे उंचवटे जूनच्या पहिल्या आठवड्यात उगीच केल्यासारखे वाटतात. जुलैत झड लागली, की त्या मधल्या वाटांनी पाणी वाहत गेटाकडं जाताना दिसतं आणि वाफ्यावरचं रोप पाय कोरडे ठेवून उभं असतं.

पावसाळ्यात बागेला काम नसतं असं समजणारे फार. उलट तेव्हाच रोज फेरी लागते. कुंड्या विटांवर चढवायच्या म्हणजे बुडातलं भोक जमिनीला टेकून बंद होत नाही. कुंडीखालच्या थाळ्या काढून पालथ्या घालायच्या, कारण डेंगीचा डास घाण पाण्यात होत नाही, अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा सगळ्या थाळ्या, जुने डबे, नारळाच्या करवंट्या, झाडात अडकलेल्या पिशव्या बघून रिकाम्या केल्या की ती साखळी तुटते. पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते खराट्यानं घासायचं. चुन्याची फक्की टाकली तर पुन्हा लवकर धरत नाही. आणि मग गोगलगाई. पूर्वी आमच्याकडं त्या बारक्या असायच्या. आता शंख घेऊन फिरणारी, हाताच्या पंज्याएवढी ती आफ्रिकन गोगलगाय भिंतीभिंतीवर दिसते. मॉरिशसहून १८४७ साली कोलकात्याला आणून एका बागेत सोडलेला हा जीव, आज देशभर पोचलाय. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, एका खेपेला शंभरावर अंडी मातीत घालते, आणि रात्रीतून काकडीचा कोवळा वेल बुंध्यापर्यंत साफ करते.

यावर आपल्या कोल्हापूरला शोभेल असाच उपाय आहे. गूळ. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधून ठेवायचं. वासावर गोगलगाई येतात आणि सकाळच्या आत गोणपाटाखाली गोळा होतात. उजाडायच्या आत ते उलटायचं, हातात मोजा किंवा पिशवी घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. उघड्या हातानं धरू नये, तिच्या अंगावरून रोगाचे जंतू येऊ शकतात. पोरांना तर नक्कीच लांब ठेवावं. पहिल्या पावसात, त्या अंडी घालायच्या आधी, पंधरा दिवस हे नेटानं केलं तर पुढं हंगामभर बरीच उसंत मिळते. एका घरानं करून भागत नाही पण. कुंपण तिला अडवत नाही. गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात केलं तरच खरा फरक दिसतो, आणि चार घरं एका कामासाठी एकत्र येणं हे गोगलगाई वेचण्याहून अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते.

आता महापुराबद्दल लिहिल्याशिवाय या बाजूच्या अंगणाची गोष्ट पुरी होत नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. त्या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पलीकडं गेली. घरात पाणी शिरलं त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला आठवतं ते पाणी उतरल्यानंतरचं अंगण. सगळ्यावर एकसारखा राखी-तांबूस गाळाचा लेप. पानांवर, कुंड्यांवर, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला सरळ रेघ. वास असा, की तो कशाचा हे सांगता येत नाही, पण अजून कुठं ओल्या पोत्याचा वास आला तर पोटात ढवळतं. पपई उभीच्या उभी सडली होती, तिला दोन दिवसही पाण्यात पाय चालत नाहीत. शेवगाही गेला. नारळ मात्र जसाच्या तसा. आणि पंधरा दिवसांत गाळ फोडून पहिलं हिरवं काय वर आलं, तर लव्हाळा. महापुरातही लव्हाळा वाचतो हे लहानपणापासून ऐकलं होतं, डोळ्यांनी बघितलं तेव्हा मात्र त्याचं कौतुक करायला जमलं नाही. याच्या गाठी जमिनीत वीतभर खोल, माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या. वरचं पातं उपटलं की खालची गाठ दोन नवीन कोंब सोडते. त्याला सावली मात्र सोसत नाही. गाळ खरवडून जमीन मोकळी केल्यावर आम्ही तिथं रताळ्याचे वेल दाट लावले आणि लव्हाळा हटला. पुरता गेला नाही, पण हटला.

गाळाचा थर वाळला की त्याची पापडी होते आणि ती खालच्या मुळांचा श्वास कोंडते. त्यामुळं पहिलं काम खत घालणं नव्हे, ती पापडी फोडून काढणं, आणि झाडांच्या पानांवरचा गाळ धुऊन टाकणं. मुळं दुबळी झालेली असताना खत घातलं तर ती आणखी दुखावतात. नवी पालवी दिसली की मग थोडंसं. हे काम दोन्ही वेळा चालू असताना शेजारची ही सून तिच्या सासूबाईंना सावरत होती. २०२१ ला पाणी उतरल्यावर त्या अंगणातल्या चिखलात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. वर्षभर घरात बसून होत्या. गाळ काढायला माणूस मिळत नव्हता, नवरा कामावर, ती एकटी फावड्यानं ओढत होती. फरशी असती तर पाइप लावून दोन तासांत धुऊन निघालं असतं, हे ती तेव्हाही म्हणाली होती. तिच्या ब्लॉकच्या टेम्पोकडं बघताना मला हे विसरून चालणार नव्हतं. माती सांभाळायला वेळ लागतो, कंबर लागते, घरात उठणारं-बसणारं धड माणूस लागतं. ज्याच्याकडं ते नाही त्याला मातीचं प्रेम शिकवायला जाणं बरं नव्हे.

तरी मन खट्टू होतं. आमच्या गल्लीत उघडी माती असलेली अंगणं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. महापूर काही अंगणातल्या ब्लॉकमुळं येत नाही. तो वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा, धरणांच्या विसर्गाचा, नदीकाठी पडलेल्या भरावांचा विषय. पण साध्या तासाभराच्या पावसात गल्लीला गुडघाभर पाणी लागतं, ते पूर्वी लागत नव्हतं. ते पाणी प्रत्येकाच्या अंगणात थोडं थोडं जिरायचं. आणि मे महिन्यात रात्री नऊला त्या ब्लॉकवर अनवाणी उभं राहून बघावं. दिवसभराचं ऊन पायाला लागतं. आमच्या अंगणात त्याच वेळी पाय ठेवला तर पाचटाखाली गारवा असतो.

गणपतीच्या दिवसांत मात्र सगळी गल्ली आमच्याकडं येते. दूर्वा, आघाडा, केना, गौरीला तेरडा. तेरडा मी लावत नाही, तो स्वतःच येतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लागलं की फुटतात आणि बी चार हात लांब उडवतात. पुढच्या वर्षी ते कुठं उगवेल हे त्याचं तोच ठरवतो. वाटेत उगवला म्हणून मी तो काढत नाही, वळसा घालून जाते.

दसऱ्याला झेंडू स्वतःच्या अंगणातला हवा असेल तर जुलै संपायच्या आत रोप जमिनीत गेलेलं पाहिजे, त्याला फुलायला दोन-अडीच महिने लागतात. गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात: मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या काढायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या बोटभर वर तिरका काप घ्यायचा. हे सगळं सांगून होतं. शेवंतीचं मात्र सांगून होत नाही.

गेटाजवळच्या कुंड्यांतली शेवंती गेली दोन वर्षं फुलत नव्हती. मागच्या परसातली, त्याच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली, दिवाळीनंतर पिवळ्या फुलांनी वाकायची. आणि पुढची नुसती हिरवी, उंच, तजेलदार. खत तेच, पाणी तेच, ऊन उलट पुढं जास्त. मी माती बदलली, शेंडे खुडले, जागा जरा सरकवली. मास्तरांनी एका संध्याकाळी येऊन बघितलं, मान वर केली आणि विजेच्या खांबाकडं बोट दाखवलं. तिथं नवा पांढरा एलईडी दिवा लागला होता, रात्रभर अंगणात वाचता येईल इतका लख्ख. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेनंतर रात्री दिवसापेक्षा मोठ्या होऊ लागतात, त्या अंधाराच्या लांबीवरून झाड ओळखतं की आता पानं पुरे, फुलाला लागू या. मध्यरात्रीही उजेड असला तर त्याच्या लेखी उन्हाळाच चालू असतो. शेवंतीचे व्यापारी मळेवाले हीच गोष्ट उलटी वापरतात. फुलं उशिरा हवी असतील तर शेतात रात्री दिवे लावतात.

हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्या कुंड्यांपुढं बसले होते. एक जीव रोज संध्याकाळी अंधाराची वाट बघतो आणि तो येतच नाही, म्हणून वाढत राहतो. पुढच्या सप्टेंबरात दिवस मावळला की त्या कुंड्यांवर काळ्या कापडाची खोळ घालायची आणि सकाळी सातला काढायची, असा नेम धरला. बांबूच्या चार काठ्यांवर कापड, म्हणजे शेंड्याला टेकत नाही. कळ्या दिसेपर्यंत चुकवायचं नाही, मधल्या एखाद्या रात्रीचा उजेडही त्याला गोंधळात पाडतो. कळीला रंग दिसू लागला की खोळ सुटली. मार्गशीर्षात गेटाजवळ फुलं आली. पुढच्या वर्षीपासून कुंड्याच परसात हलवल्या, तेच सोपं.

थंडीत अंगण माझ्यावर सगळ्यात कमी रुसतं. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं पेरायचं म्हणजे सगळं एकदम येऊन वाया जात नाही. धने चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायचे, प्रत्येक फाकीत एक बी असतं. पावट्यावर ढगाळ हवेत मावा येतो. कोवळ्या शेंड्यावर काळे ठिपके दाटीनं चिकटलेले, खाली मुंग्यांची ये-जा. साबणाच्या पाण्याचा पातळ फवारा पुरतो, पण त्याआधी ठिपक्यांचे लाल भुंगे आलेत का बघावं. ते आले असतील तर फवारा बाजूला ठेवायचा. त्यांच्या अळ्या दिसायला ओंगळ, पण मावा तेच फस्त करतात.

आणि उन्हाळा म्हणजे पाचट. ऊस तुटून गेला की कोल्हापूरच्या चारी बाजूंना शेतातून धूर निघतो, सोन्यासारखं पाचट जळत असतं. आमचे एक पाहुणे कसबा बावड्याकडून दोन भारे आणून टाकतात. फेब्रुवारी संपता संपता आळ्यांवर चार बोटं जाडीचा थर द्यायचा, खोडाला टेकू द्यायचा नाही. पाणी निम्म्यावर येतं, तण येत नाही, आणि पावसापर्यंत खालचा भाग कुजून मातीत जातो. शेवग्याच्या शेंगा संपल्या की एप्रिलमध्येच तो कमरेएवढा छाटायचा. त्याचं लाकूड ठिसूळ, वळिवाच्या वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात आणि कधी घराच्या कौलावर येतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून कुणीतरी दवण्याची जुडी आणतं. तो वाळला तरी कपाटातल्या साड्यांना वास राहतो. बाजारातून मुळासकट मिळाला तर कुंडीत लावून बघावा. पाऊस मात्र त्याला सोसत नाही, मृगात तो जातोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

मिस्त्री शेजारी तीन दिवस काम करत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला चहा दिला आणि विचारलं, आंब्याच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक का लावतोस. "म्हणजे पाला लोटायला सोपं जातंय ओ काकी." मी त्याला सांगितलं, झाडाची पाणी पिणारी मुळं खोडाशी नसतात, फांद्यांच्या टोकांखाली असतात, तिथवर तर तू निम्मं झाकलंस. निदान चार-पाच फूट गोल मोकळा सोड, कडेला ब्लॉक उभा लावला तर माती बाहेर येणार नाही. आणि सांध्यात सिमेंटचं पाणी ओतू नको, नुसती कच भर, म्हणजे थोडंतरी जिरेल. त्यानं शेजारच्या सुनेकडं बघितलं. ती जरा विचारात पडली, मग म्हणाली, "सोडा काका. आणि भिंतीकडंनं एक फूट पट्टाबी सोडा, आमच्या आत्तींची तुळस कुंडीत नीट येत नाही." चार फूट काही मिळाले नाहीत, तीन मिळाले. पट्टा मात्र पूर्ण भिंतीच्या लांबीचा मिळाला. त्यात मुरलेलं खत घालायला हवं, खालची माती खडीनं दाबली गेलीय. माझ्याकडचं एक पोतं तिला देणार आहे.

काल संध्याकाळी वळीव झाला. सकाळी पूर्वेच्या वाफ्यात खुरप्यानं उकरून बघितलं, ओल चार बोटंच गेलीय, खाली माती अजून गरम आणि कोरडी. म्हणून बियांचा डबा परत फडताळात. गेल्या साली दोडका पूर्वेच्या भिंतीला होता, यंदा तिथं घेवडा आणि दोडका नारळाच्या बाजूच्या मांडवावर. मांडवाचे दोन बांबू कुजलेत, ते या आठवड्यात बदलून घ्यायचे आहेत.